पेशीबाई

आजारपणाच्या अर्जातही बाई चूक काढत. आमच्या वर्गातल्या बाबूला दम्याचा त्रास होता. एकदा तो वडिलांची सही घेऊन अर्ज घेऊन आला: 'मला श्वसनाचा त्रास असल्यामुळे काल शाळेत येऊ शकलो नाही.' बाईंनी अर्ज वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, "श्वसनाचा त्रास? बाबू, तुझं श्वसन थांबलं असतं तर हा अर्ज लिहायला तू उरला नसतास. श्वासोच्छ्वासाचा त्रास म्हण." बिचाऱ्याला सगळा अर्ज पुन्हा लिहावा लागला. त्यात 'श्वासोच्छ्वास' हा शब्द त्याला काही केल्या जमेना. 'च्छ्वा' लिहिता लिहिता त्याला पुन्हा धाप लागली.

सगळ्या जगाला 'श्वसन' हा सोपा शब्द चालतो, मग आम्हालाच का चालत नाही, हे आम्हाला कळत नसे. बाईंचं म्हणणं ठाम होतं. नाकातून हवा आत घेणं आणि बाहेर सोडणं म्हणजे श्वासोच्छ्वास. ते छातीचं काम. त्या हवेतला ऑक्सिजन रक्तातून पेशीपर्यंत पोचल्यावर, पेशीच्या आत, खाल्लेल्या अन्नातून ऊर्जा मोकळी होते, ते श्वसन. "पहिलं म्हणजे दारात सरपण आणून टाकणं," त्या म्हणत, "आणि दुसरं म्हणजे चूल पेटणं. सरपण टाकणाऱ्याला तुम्ही स्वयंपाकीण म्हणता का?" मुख्याध्यापकांनी एकदा सूचनाफलकावर लिहिलं, 'शनिवारी सकाळी श्वसनाचे व्यायाम होतील.' मधल्या सुट्टीत बाईंनी तांबड्या खडूनं 'श्वसनाचे' खोडून वर 'श्वासोच्छ्वासाचे' केलं. मुख्याध्यापक कपाळाला हात लावून म्हणाले, "बाई, या गावात कुणाला कळणार आहे?" बाई म्हणाल्या, "मला कळतंय की."

बाई उदगीरच्या. लिंगायत घर, वडिलांचं मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, दुकान. लग्न केलेलं नव्हतं आणि त्याबद्दल विचारायची कुणाची छाती होत नसे. अंगानं जाड, गुडघ्यांनी कायम त्रासलेल्या, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी आणि हातात बारा महिने काळी छत्री. आमचं गाव रेणापूरच्या अलीकडे. गावात दहावीपर्यंतची शाळा होती, म्हणून बाई आल्या. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. जिकडेतिकडे नव्या कार्यालयांच्या पाट्या लागत होत्या आणि आभाळातून मात्र काही उतरत नव्हतं. लागोपाठ दुसऱ्या वर्षी विहिरी तळाला गेल्या होत्या.

त्यांना 'पेशीबाई' हे नाव पहिल्याच तासाला पडलं. आमच्याकडे पेशी म्हणजे कोर्टातली तारीख. निजामाच्या काळापासून हा शब्द लोकांच्या तोंडात बसलेला; दुसरा अर्थ कुणाला ठाऊकच नव्हता. बाईंनी फळ्यावर मोठं वर्तुळ काढलं आणि म्हणाल्या, "आपलं शरीर पेशींचं बनलेलं आहे. प्रत्येक पेशीत अन्न जळतं."

बाबू उभा राहिला. "बाई, आमच्या आज्याची पेशी उस्मानाबादेला असती. तिथं अन्न न्हाई, निसता पैसा जळतो."

वर्ग खदाखदा हसला. बाईंना अर्थ उमगला नाही. विज्ञानाच्या तासाला त्यांच्या कानात दुसरं काही शिरतच नसे. त्या म्हणाल्या, "आज्याची पेशी उस्मानाबादला कशी असेल? ती आज्याच्या अंगातच असणार." यावर तर बाक पडायचेच बाकी राहिले.

या नावाचा खरा घोटाळा केला आमच्या तात्यांनी. तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. घरात शेवटचा शब्द त्यांचा. बांधावरून शेजाऱ्याशी त्यांचा दावा चालला होता, त्याचं अपील जिल्ह्याला. जिल्हा लातूरला आला म्हटल्यावर तात्यांना एवढाच आनंद झाला, की आता हरायचं तर घराजवळ हरू. मी घरी येऊन रोज सांगत असे, की नव्या बाईंना पेशीतलं फार कळतं. तात्यांनी ते मनात ठेवलं. एक दिवस स्वच्छ धोतर नेसून, एक पपई घेऊन ते मारुतीच्या देवळाशेजारच्या बाईंच्या खोलीवर गेले. मला बरोबर घेतलं, म्हणून हे माझ्यासमोर घडलं.

"बाई, तुमाला पेशीतलं कळतं म्हणून ऐकलं."

"तेच तर शिकवते. बसा की." गावातला पहिलाच मोठा माणूस आपणहून शिकायला आला, म्हणून बाईंचा चेहरा फुलला.

"आमची पेशी लई दिवस झालं रखडलीय. नेमकं अडतंय कुठं?"

"थकवा येतो का?"

"थकवा? पार जीव जातो."

"जेवण वेळेवर असतं?"

"पेशीच्या दिवशी कसलं जेवण हो! चहावर भागवायचं."

"अय्यो, इथंच तर चुकतंय!" बाई पुढे सरसावल्या. "पेशीला अन्न पाहिजे, हवा पाहिजे. मग आत पायरी पायरीनं काम होतं. एकदम काही होत नाही."

"हाव, वकील बी तेच म्हणतो." तात्यांनी मान हलवली. "पर शेवटाला काय मिळतं?"

"ऊर्जा. थोडं पाणी. आणि कार्बन डायऑक्साइड."

तात्या बराच वेळ पपईकडे बघत राहिले. मग उठले. "म्हंजे हातात काय बी न्हाई," एवढंच म्हणाले. घरात पाऊल टाकल्या टाकल्या गरजले, "ती मास्तरीण माझी चेष्टा करून राहिली!" मी खरा अर्थ समजावून सांगायला गेले तर मलाच चार शब्द ऐकावे लागले. पपई गेल्याचं दुःख वेगळंच.

बाईंचे प्रयोग दुष्काळाच्या वर्षी अंगावर यायचे. त्यांनी सुईला एक शेंगदाणा टोचला, काडी लावली आणि त्याच्या ज्योतीवर परीक्षानळीतलं पाणी उकळून दाखवलं. भाजक्या शेंगदाण्याचा वास वर्गभर पसरला. आमच्यापैकी निम्मी मुलं सकाळी चटणी-पाण्यावर आलेली. पाण्याला उकळी आली तेव्हा बाईंनी विजयी मुद्रेनं आमच्याकडे पाहिलं. "एवढी ऊर्जा एका दाण्यात! पण अंगात ती अशी भसकन पेटत नाही. पेशी तेच अन्न थोडं थोडं उलगडते, मिळालेली ऊर्जा लहान लहान पुड्या बांधून ठेवते आणि लागेल तशी वापरते. म्हणून जेवलं तरी तुमचं अंग कोमटच राहतं, पेट घेत नाही."

मागून बाबूचा आवाज आला, "बाई, दुसरा दाणा द्या. आत नेऊन उलगडून बघतो."

मग त्यांनी मोड आलेल्या हरभऱ्यांचा प्रयोग मांडला. एका बाटलीत मोड आलेले हरभरे, दुसरीत उकडलेले, दोन्हींत चुन्याच्या निवळीची एक एक लहान नळी. जिवंत हरभरे श्वसन करतात, त्यांच्या कार्बन डायऑक्साइडनं निवळी दुधाळ होते. उकडलेले मेलेले असतात, त्यांची निवळी तशीच राहते. दुसऱ्या दिवशी पाहतो तर नळ्या जागेवर, बाटल्या रिकाम्या. उकडलेले तर गेलेच होते, मोड आलेलेही कुणी ठेवले नव्हते. आम्ही छडीची वाट बघत बसलो. बाई म्हणाल्या, "हरकत नाही. प्रयोग चालूच आहे, बाटली तेवढी बदललीय. ज्यांनी खाल्ले त्यांनी पुढे या." आणि पुढे आलेल्या प्रत्येकाला त्यांनी पपईच्या देठातून चुन्याच्या निवळीत फुंकायला लावलं. निवळी दुधाळ झाली. चोरी अशी शास्त्रीय पद्धतीनं सिद्ध झाल्यावर मुलं एवढी ओशाळली, की त्यापेक्षा छडी परवडली असती. पुढच्या प्रयोगाला मात्र बाईंनी दुप्पट हरभरे भिजवले, आणि जास्तीचे कशाला, हे कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

माझी माय त्या वर्षी रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला जायची. बाई तिथूनच शाळेत येत. एकदा माय हातोडा खाली टाकून दंड चोळत बसली होती. बाई छत्री टेकून उभ्या राहिल्या आणि तिला सांगू लागल्या, की स्नायूंतल्या पेशींना कामाच्या मानानं ऑक्सिजन कमी पडला की अन्न अर्धवटच मोडतं, लॅक्टिक आम्ल साठतं आणि हात भरून येतो. माय शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, "बाई, दुखणं मला ठावं हाय. त्याचं नाव कशाला सांगून राहिल्या?"

"म्हणजे थांबत थांबत काम करावं हे कळतं."

"ते मुकादमाला सांगा."

बाई खरोखर मुकादमाकडे गेल्या! भर उन्हात त्यांनी त्याला लॅक्टिक आम्ल शिकवलं. मुकादम वैतागला आणि त्यानं माझ्या मायला लांबच्या ढिगाकडे धाडलं. संध्याकाळी मायनं मला बजावलं, "तुझ्या बाईला सांग, माझ्यावर उपकार करू नका." (आता पुस्तकं सांगतात, की स्नायू दुखण्याचं सगळं खापर लॅक्टिक आम्लावर फोडणं बरोबर नाही. हे बाईंना कळलं असतं तर त्या मायला गाठून दुरुस्ती सांगायलाही गेल्या असत्या, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.)

त्याच उन्हाळ्याच्या तोंडाशी तात्यांनी पेव उघडायचं ठरवलं. आता पेवं राहिली नाहीत, म्हणून सांगते. पेव म्हणजे धान्य ठेवायला जमिनीत खणलेला खड्डा. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मात्र खोलीएवढं. आतून कडबा लावायचा, जवारी भरायची, तोंडावर फरशी ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. चांगल्या सालातली जवारी अशी आमच्या वाड्यामागच्या रानात पुरून ठेवलेली होती. घरातल्या कणग्या झाडून झाल्या होत्या. पेव उघडल्यावर एक दिवस तोंड मोकळं ठेवायचं, वाफ जाऊ द्यायची आणि मग दिवा सोडून बघायचा, असा जुना रिवाज तात्यांना चांगला ठाऊक होता. पण एक दिवस तोंड मोकळं ठेवलं तर गावभर बातमी जाणार, भावकी पोती घेऊन दारात उभी राहणार. म्हणून तात्यांनी बेत केला, की दुपारी गाव सावलीला पडलेलं असताना उघडायचं, उतरायचं आणि माल घरात आणून टाकायचा.

मला जवारी पाखडायला घरी जायचं होतं. मधल्या सुट्टीत मी बाईंची परवानगी मागितली. कारण विचारल्यावर खोटं बोलायचं सुचलं नाही. "पेव उघडून राहिलेत, बाई."

"कधीपासून बंद आहे?"

"लई दिवस झाले. तीन-चार सालं."

"आणि आज लगेच उतरणार?"

मी 'हो' म्हणाले. बाईंनी हातातला खडू खाली ठेवला, छत्री घेतली आणि चालू पडल्या. गुडघ्यांचं दुखणं कुठे गेलं कोण जाणे. बाई निघाल्या म्हणून वर्ग निघाला, वर्ग निघाला म्हणून शेजारचा वर्ग निघाला. तात्यांनी ज्या गोष्टीचा सुगावा कुणाला लागू द्यायचा नव्हता, ती गोष्ट बघायला भर दुपारी गल्लीतून पोरांची मिरवणूक चालली होती, आणि सगळ्यांत पुढे, बाईंच्या शेजारी, मी. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं होतं.

तात्या कमरेला दोर बांधून पेवाच्या तोंडाशी बसले होते. दोराचं दुसरं टोक माझ्या वडिलांच्या, दादांच्या हातात. आम्हाला बघून तात्यांचा चेहरा जवारीच्या भाकरीसारखा तापला. "शोभे, ही वरात कुणी आणली? आता हितं बी शाळा भरवता का, बाई?"

"तात्या, आत उतरू नका. आतलं धान्य जिवंत आहे. इतकी वर्षं ते श्वसन करतंय."

"जवारी श्वास घेती?"

"श्वास नाही. श्वसन."

पोरं फिदीफिदी हसली. मला बाईंचा इतका राग आला, की काय सांगू! माणूस खड्ड्यात पाय सोडून बसलाय आणि यांना अजून शब्दाचंच पडलंय.

दादा फार बोलत नसत. त्यांनी कंदील पेटवला, दोरीला बांधला आणि आत सोडला. कंदील अर्ध्यावर गेला आणि विझला.

"राकेल संपलं असल," तात्या म्हणाले.

दादांनी कंदील वर घेऊन हलवला. राकेल होतं. पुन्हा पेटवून सोडला. पुन्हा तिथेच विझला.

"वाऱ्यानं."

"जमिनीच्या पोटात वारा?" बाई म्हणाल्या. "आतला ऑक्सिजन जवारीनं वापरून टाकलाय. दिव्याला पुरेना, तुम्हाला कुठून पुरेल?"

तात्यांनी कमरेचा दोर सैल केला. पण कुंपणापलीकडून आता दोन-चार बायका डोकावू लागल्या होत्या. त्यांना बघून तात्या पुन्हा घाईला आले. "बरं, बरं. मी श्वास धरून उतरतो. टोपलं भरतो न् वर येतो. हिरीत बुडी मारतो का न्हाई, तेवढाच येळ."

"श्वास धरता येतो, तात्या," बाई म्हणाल्या. "श्वसन धरता येत नाही."

या वेळी कुणी हसलं नाही.

"तुम्ही नाक दाबाल. अंगातल्या पेशींना कोण सांगणार आहे थांबा म्हणून? टोपलं भरायला वाकाल, तेव्हा त्या जास्तच मागतील. मग तुम्ही ठरवलं नसताना तोंड उघडेल. एक घोट तसल्या हवेचा गेला, की दोर ओढा म्हणून सांगायलाही शुद्ध राहणार नाही."

"लई झालं. सरका बाजूला!" असं म्हणून तात्या दोर घट्ट करायला उठले. तेवढ्यात बाई "अय्यो, माझे गुडघे" करत खाली बसल्या. नेमक्या पेवाच्या तोंडावर. पाय आत सोडून, छत्री उघडून. ते तोंड बाईंच्या बसण्यानं असं काही बंद झालं, की उंदीर शिरायला जागा उरली नाही.

आता काय करणार? मास्तरीण, परक्या घरची बाई. हात लावता येत नाही, ओरडलं तर ऐकत नाही. तात्यांनी त्यांच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. दादांकडे बघितलं. दादांनी दोराचं टोक शांतपणे खाली ठेवलं होतं.

"हितं बी पेशी लावली म्हणा की!" तात्या दात खाऊन म्हणाले. "कवाची तारीख?"

"उद्या सकाळची," बाई म्हणाल्या.

त्या शब्दाचा आमच्याकडचा अर्थ बाईंना ठाऊक होता, हे मला तेव्हा कळलं.

उन्हं उतरेपर्यंत त्या तिथेच होत्या. थोड्या वेळानं जरा बाजूला सरकून त्यांनी आम्हाला निंबाच्या डहाळ्यांची जुडी दोराला बांधून पेवात खालीवर करायला लावली, आतली हवा हलावी म्हणून. आळीपाळीनं सगळ्या वर्गानं ते केलं. बाबूला मात्र त्यांनी जवळ फिरकू दिलं नाही. तो रागावला. "बाई, मी बी ओढतो."

"तू लांब बस आणि श्वासोच्छ्वास कर," त्या म्हणाल्या.

सकाळी कंदील जवारीला टेकला तरी जळत राहिला. तात्या उतरले आणि खालून ओरडले, "हितं काय बी न्हाई! निसता कुबट वास हाय!" ते टोपलं भरून वर आले आणि बघतात तर काय: सगळी भावकी पोती घेऊन उभी. शाळेची पोरं आणि बाई बघत असताना तात्यांना नाही म्हणता येईना. कडेची जवारी काळी पडली होती, मधली चांगली निघाली. ती मापानं घरोघर गेली. आमच्या वाट्याला ठरवली होती त्याच्या निम्मीसुद्धा आली नाही. आणि अशा वेळी, तात्यांचा चेहरा उतरलेला असताना, बाईंनी सगळ्यांसमोर मला उभं केलं.

"शोभा, काल कंदील का विझला?"

"ऑक्सिजन नव्हता म्हणून."

"पूर्ण वाक्यात. कुणी वापरला? कशासाठी?"

"पेवातल्या जवारीनं श्वसनासाठी ऑक्सिजन वापरला आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला, म्हणून कंदील विझला, बाई." माझ्या कानांच्या पाळ्या जळत होत्या.

"बस खाली," बाई म्हणाल्या. बसायला तिथे ढेकळांशिवाय काही नव्हतं.

कुणाला काही झालं नाही. त्यामुळे बाईंचं म्हणणं खरं होतं, हे गावात कुणाला पटलं नाही. लोकांनी जवारी खाल्ली आणि वर बाईंची थट्टा केली, की शिळ्या जवारीच्या छातीला कान लावून बघणारी मास्तरीण. तात्या तर ज्याला त्याला सांगायचे, "या बाईनं आमाला एक दिस उपाशी ठिवलं आणि माझं पेव गावाला वाटलं." बाईंना याचं वाईट वाटत असेल तर त्यांनी तसं कधी दाखवलं नाही. त्यांची तक्रार वेगळीच होती. लोक 'जवारी श्वास घेती' म्हणून हसतात. निदान 'श्वसन करती' म्हणून तरी हसायला हवं होतं.

दोन पावसाळ्यांनी त्यांची बदली उदगीरकडे झाली. एसटीच्या खिडकीतून मला म्हणाल्या, "जीवशास्त्र सोडू नकोस. बाकी काय सुटायचं ते सुटू दे." मी ते सोडलं नाही. लातूरला बारावी केली, नांदेडला बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली ती पहिली पदवी. दादांनी नांदेडहूनच पेढे घ्यायला लावले आणि म्हणाले, "आदी बाईंकडं जा." मी उदगीरला गेले, पाया पडले, पेढा हातावर ठेवला. बाईंनी तो तोंडात टाकला आणि चष्मा कपाळावर चढवला. "आता सांग, या पेढ्याचं पुढे काय होणार? पेशीतल्या तंतुकणिकेपर्यंत सांग."

मला वाटलं होतं, त्या पाठीवरून हात फिरवतील. रात्रीचा प्रवास, पोटात भूक. पण मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं: साखर, पायरुविक आम्ल, तंतुकणिका, ऊर्जेच्या पुड्या, पाणी, कार्बन डायऑक्साइड. कुठेही अडखळले नाही. संपल्यावर बाई म्हणाल्या, "हं. बस आता. ताट वाढते." आणि आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. त्यांच्या वहिनी मला हळूच म्हणाल्या, "रडताहेत. बघू नका, रागावतील."

मी आता वर्गात शिकवते. श्वसन आणि श्वासोच्छ्वास यांतला फरक चुकवला तर मीही गुण कापते. पालक भांडायला येतात.

बाई गेल्याचं कळलं तेव्हा तात्या ऐंशीच्या पुढे गेले होते. मी उदगीरला निघाले तर काठी घेऊन हजर. "मी बी येतो." सगळ्या वाटेत एसटीत त्यांचं तेच चाललं होतं: एक दिस उपाशी ठिवलं, पेव वाटलं, पपई खाल्ली. मी दोनदा म्हटलं, "तात्या, आज तरी पुरे करा." ऐकतील तर शपथ.

बाईंच्या घरी ओसरीवर त्यांचे भाऊ बसले होते. तात्यांनी बसल्या बसल्या त्यांनाही सगळी हकिकत ऐकवली. मला मान वर करवेना. भावांनी मात्र शेवटपर्यंत नीट ऐकून घेतलं.

"मग उतरलात तुम्ही पेवात?" त्यांनी विचारलं.

"उतरलो की."

"काय होतं आत?"

"काय बी नव्हतं," तात्या म्हणाले. मग काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "दुसऱ्या दिशी नव्हतं."